पूर्णेच्या काठावर रोवलेली काडी

खान्देशात कयाकच्या, म्हणजे छोट्या वल्ह्याच्या बोटींच्या, ट्रिपा काढतो असं सांगितलं की जळगावातलीच माणसं विचारतात, अरे पण आपल्याकडे पाणी कुठंय? पाणी आहे, पण ते धरणावरून सुटेल तसं मिळतं. भर उन्हाळ्यात गिरणा वाहताना दिसली तर समजायचं धरणातून आवर्तन सुटलंय, ते बंद झालं की परत वाळूच वाळू. खाली तापीवर सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा असे बॅरेज, म्हणजे दरवाजे असलेले बांध, आहेत, मधलं पाणी तळ्यासारखं संथ, पण बॅरेज आला की बोटी खांद्यावर घेऊन काठाने वळसा. आणि केटी (कोल्हापूर टाइप) बंधारे तर मॅपवर बघून कळतच नाहीत, पावसाळ्यात फळ्या काढलेल्या असतात, नंतर टाकतात, म्हणजे ज्या वाटेने तुम्ही सप्टेंबरात सुळकन गेलात तिथे डिसेंबरात भिंत उभी. त्यामुळे आमच्या कामात वल्हं मारणं कमी आणि फोन करणं जास्त.

तर ही गोष्ट सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारची. ट्रिप चांगदेवची होती, मुक्ताईनगर तालुक्यात जिथे तापी आणि पूर्णा भेटतात तिथली. अकरा जणांचा ग्रुप, बहुतेक जळगाव-भुसावळचे, एक वडील बारा वर्षांच्या मुलीला घेऊन आले होते. प्लॅन साधा होता, सात वाजता संगमावरून निघायचं, पूर्णेत तीन-चार किलोमीटर वर जायचं, चहा-पोहे करून परत. आधी प्रवाहाविरुद्ध जायचं म्हणजे येताना थकलेल्या माणसाला नदी मदत करते, हा माझा पहिला नियम. आणि संगमाच्या खाली हतनूर धरण आहे, तिकडे बोट वळवायचीच नाही, हा दुसरा.

आदल्या रात्री एका ग्रुपवर मेसेज आला होता, "हतनूर विसर्ग 300". मी मनातल्या मनात क्युसेक धरलं, म्हणजे सेकंदाला तीनशे घनफूट पाणी. एवढ्या मोठ्या धरणाला तीनशे क्युसेक म्हणजे काहीच नाही, म्हणून निवांत झोपलो.

सकाळी आभाळ इतकं स्वच्छ होतं की चांगदेवाच्या मंदिराच्या दगडावर पडलेलं कोवळं ऊन बघून सगळे फोटो काढत बसले. माझा पार्टनर आणि त्या मुलीचे वडील कॅनो घेऊन जरा पुढे गेले, बाकीच्यांना वल्हं कसं धरायचं ते दाखवायला. मी काठावर लाइफ जॅकेटचे पट्टे आवळत होतो. तिथे एक म्हातारे भोई जाळं आवरत होते, नेहमीपेक्षा लवकर. मी विचारलं, बाबा, आज लवकर आवरलं? ते म्हणाले, "पूर्णेले पानी येऊन राह्यलं भाऊ. पोरायले नको उतरवू."

मी म्हटलं, पाऊस तर नाहीये कुठे. त्यांनी नुसतं बोट दाखवलं. पूर्णेच्या बाजूचं पाणी काळपट गढूळ झालं होतं, वर फेसाचे गोळे आणि मधेमधे तुराट्या वाहत येत होत्या. मग त्यांनी त्यातलीच एक काडी उचलली, बरोबर पाणी टेकतं तिथे चिखलात रोवली आणि म्हणाले, बस इथं. मी बसलो. पट्टे आवळता आवळता बघत होतो. पाऊण-एक वीत काडी होती, पंधरा-वीस मिनिटांत तिची दोन बोटं पाण्याखाली गेली.

तेव्हा मी पार्टनरकडे बघितलं आणि पोटात गोळा आला. पाण्याने दोघांना जरा खाली ओढलं होतं, ते परत यायला निघाले होते, वल्ही जोरात चालली होती, पण त्यांच्या मागे काठावर एक बाभूळ होती आणि कॅनो त्या बाभळीच्या पुढे सरकतच नव्हती. नवशिका माणूस ताशी चार-पाच किलोमीटर वल्हवतो, पाणी तेवढ्याच वेगाने उलटं वाहिलं की तो जागच्या जागी, आणि दमला की उलट खाली, म्हणजे धरणाकडे. मी ओरडलो, सरळ येऊ नका, काठ धरा! पार्टनरने नाक प्रवाहाकडेच तिरकं ठेवून बोट हळूहळू काठाला सरकवली, कडेला पाणी संथ असतं, तिथून झुडपं धरत धरत आले. दहा मिनिटं लागली असतील, मला फार लांब वाटली. ती मुलगी माझ्या शेजारी उभी होती, एक शब्द बोलली नाही, नुसता माझा शर्ट धरून ठेवला होता.

मग धरणाकडच्या एका ओळखीच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, अहो तीनशे क्युसेक नाही, क्युमेक! क्युमेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर, म्हणजेच 35.3 क्युसेक. म्हणजे साडेदहा हजार क्युसेक पाणी सोडलेलं होतं, धरणातून एवढं सोडतात म्हणजे वरून नदीत तसंच पाणी येत असतं, आणि मी त्याला ओढ्याचं पाणी समजलो होतो. पाऊस अकोला-बुलढाण्याकडे झाला होता. पूर्णा विदर्भातून येते, तापी मुलताईहून बऱ्हाणपूरमार्गे, म्हणजे जळगावचं आभाळ बघून इथल्या पाण्याचं काही ठरवताच येत नाही. हे मला माहीत होतं, लोकांना दहादा सांगितलंय, तरी त्या दिवशी मी आभाळच बघितलं.

ट्रिप कॅन्सल केली. दोघा-तिघांनी वाद घातला, पाणी तर शांत दिसतंय, आम्ही काठाकाठाने जाऊ, एवढ्या लांब आलोय. मी सगळ्यांचे पैसे परत केले आणि बोटी गाडीवर बांधल्या, त्यावर चर्चा केली नाही. दुपारी आणखी दरवाजे उघडल्याचा मेसेज आला तेव्हा आम्ही मुक्ताईनगरला शेवभाजी खात होतो, वाद घालणारा एक जण उठून माझ्या शेजारी येऊन बसला.

आता मी विसर्गाचा आकडा एककाशिवाय घेतच नाही, फोन करून विचारतो, आणि वहीत बऱ्हाणपूर आणि अकोल्याच्या पावसाचे दोन वेगळे रकाने केलेत. पुढच्या आठवड्यात त्या भोई बाबांना भेटायला गेलो. पैसे घेईनात. खूपच आग्रह केला तेव्हा म्हणाले, नातू संगं येतो जाळ्यावर, त्याले एक ते नारंगी जाकीट दे. दिलं. आता चांगदेवची ट्रिप असली की पहाटे साडेपाचला त्या नातवाकडून फोटो येतो, चिखलात रोवलेली काडी, आणि अर्ध्या तासाने त्याच काडीचा दुसरा.