आमची वाटचाल : पेटीवरचं नाव आणि मागचा मालक

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराकडे जाताना आमचं दुकान लागतं. फिशफाइंडर (पाण्याखालचे मासे पडद्यावर दाखवणारं यंत्र), जीपीएस, व्हीएचएफ (बोटीवरचा बोलायचा रेडिओ) बसवायचे, बिघडले की उघडायचे. सुरुवात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीची; ट्रॉलरवर अशा यंत्रांचे पडदे आले तसे आम्ही तिकडे सरकलो.

बोटमालक यंत्र घेतो ते नाव बघून. त्या नावामागचा मालक कितीदा बदलतो, हे आम्हाला स्पेअर मागवताना कळत गेलं. रेमरीनच घ्या. रेथिऑन या अमेरिकी कंपनीचा बोटींच्या यंत्रांचा हा विभाग 2001 मध्ये त्याच्याच व्यवस्थापकांनी विकत घेतला, 2010 मध्ये तो फ्लिर कंपनीकडे गेला आणि 2021 मध्ये फ्लिरसकट टेलिडाइनकडे. बोटी आणि इंजिनं बनवणाऱ्या ब्रन्सविकची तर गंमतच. 2007 मध्ये आपल्या नॉर्थस्टार आणि नॅवमन या नावांचा सागरी धंदा नॅविकोला विकला, आणि 2021 मध्ये लोरन्स, सिमरॅड या तिच्या नावांसकट अख्खी नॅविकोच घेतली! सिमरॅडची घरं मात्र दोन: मोठ्या मासेमारी जहाजांची यंत्रं नॉर्वेच्या कोंग्सबर्गची, यॉट आणि छोट्या बोटींची नॅविकोची. गिऱ्हाईक "सिमरॅड आहे" म्हणालं की आम्ही आधी मागचं लेबल वाचतो.

आमच्यापर्यंत याची झळ पोचली ती एका कंपनीमुळे, नाव घेत नाही. मालकी बदलली, पाठोपाठ इथला डिस्ट्रिब्यूटरही बदलला. जुना वॉरंटीचे कागद हातात घेईना. नवा म्हणे, हा माल आमच्यामार्फत आलेलाच नाही. जुलै संपत आलेला, 1 ऑगस्टला पावसाळी मासेमारीबंदी उठणार, बर्फ-डिझेलची बोली झालेली आणि तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, काउंटरशी उभा. तो म्हणाला, "पैसे तुमाला दिलेत, कंपनीला नाय." यावर काय बोलणार? दुसऱ्या बोटीवरून काढलेला सेट लावून त्याला सोडला.

तेव्हापासून बंद पडलेले सेट आम्ही भंगारात जाऊ देत नाही, विकत घेतो. पॉवर कार्ड, डिस्प्ले, बटणांचं रबर, सगळं सुटं करून ठेवतो. खाऱ्या हवेनं पिना हिरव्या पडतात, त्या घासून, सोल्डर करून पुन्हा चालतात. ट्रान्सड्यूसरचं दुखणं वेगळं. पाण्यात आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी टिपणारा हा भाग बोटीच्या तळाला. बदलायचा तर बोट वर ओढावी लागते. लोरन्सचा 7 पिनांचा निळा प्लग जाऊन 9 पिनांचा काळा आला, तेव्हा धडधाकट ट्रान्सड्यूसर फेकायला निघालेल्यांना आम्ही अडॅप्टर देऊन थांबवलं.

मालक बदलला की सगळं बिघडतंच असं नाही. रेमरीनची जुनी सीटॉकवाली (यंत्रं एकमेकांना जोडायची तिची जुनी पद्धत) यंत्रं आजही कन्व्हर्टरमधून नव्या नेटवर्कशी बोलतात. उलट फुरुनो 1948 पासून जपानमध्ये स्वतःच्याच नावानं उभी आहे, पण तिचे सुटे भाग स्वस्त मिळतात असं कुणी समजू नये.

हल्ली आमच्या बिलावर मॉडेल आणि सीरियल नंबरखाली ट्रान्सड्यूसरची फ्रिक्वेन्सी, प्लगच्या पिना आणि माल कुणाकडून उचलला त्याचं नाव असतं. वॉरंटीत आलेला सेट डिस्ट्रिब्यूटरनं नाकारला तर मजुरी आम्ही लावत नाही, पार्टचे पैसे मात्र घेतो.