आरटीईचं अ‍ॅडमिशन आणि मधला सव्वा महिना

लेकीला आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातून, पहिलीला इंग्लिश मीडियममध्ये अ‍ॅडमिशन मिळालं म्हटलं की सगळे म्हणतात नशीब काढलंत. काढलंच, पण २०२४ ला ते कसं काढलं ते एकदा लिहिते, कुणाला उपयोग झाला तर झाला.

आम्ही ठाण्यात, लोकमान्य नगरला भाड्याने राहतो, मिस्टरांची रिक्षा. खाजगी विनाअनुदानित शाळांनी सुरुवातीच्या वर्गात २५ टक्के जागा फुकट द्यायच्या असा २००९ चा कायदा आहे. शेजारच्या वहिनी ओपनमधल्या, त्यांना वर्षाला एक लाखाच्या आतला उत्पन्नाचा दाखला लागतो, आता ठाण्यात एक लाखात वर्ष काढणारं कुटुंब मला अजून भेटायचंय पण दाखले मात्र बरोबर निघतात. आम्ही ओबीसी, आम्हाला उत्पन्नाची अट नाही, जातीचा दाखला पाहिजे आणि तो यांनी आयुष्यात कधी काढलाच नव्हता. सेतूवाला म्हणाला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा आणा. मग दोन दिवस रिक्षा बंद ठेवून हे गावी, पाटणला, सासऱ्यांच्या शाळेत, तिथल्या गुरुजींनी जुनं रजिस्टर काढलं तर पानाचा अर्धा कोपरा वाळवीने खाल्लेला, पण जातीचा रकाना शाबूत होता म्हणून वाचलो. भाडेकरार पण रजिस्टर केलेलाच चालतो आणि रजिस्टर म्हटलं की आमच्या घरमालकाचं तोंड वाकडं, शेवटी खर्च सगळा आमचा म्हटल्यावर आला एकदाचा अंगठा द्यायला.

एवढं सगळं जमवून एप्रिलमध्ये फॉर्म भरायला बसलो तर यादीत सगळ्या पालिकेच्या नाहीतर अनुदानित शाळा! ९ फेब्रुवारीला सरकारने नियमच बदलला होता, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट. अहो, पालिकेच्या शाळेत घालायला फॉर्म कशाला पाहिजे, मुलीचा हात धरून गेलं की नाव घालतात. आम्ही भरलाच नाही. ६ मे ला हायकोर्टाने स्थगिती दिली आणि मे महिन्यातच परत नव्याने फॉर्म सुरू झाले, तेव्हा खाजगी शाळा दिसायला लागल्या. एक सांगते, नकाशावर घराचं लोकेशन स्वतः बसून टाका, सायबर कॅफेवाल्यावर सोडू नका, अंतर त्यावरूनच ठरतं, त्याने आमचं घर पार उपवन तलावाच्या काठावर नेऊन ठेवलेलं.

७ जूनला लॉटरी निघाली पण निकाल काही लागेना, केस चालू. शाळा तर जूनच्या मध्यावर सुरू झाल्या, बिल्डिंगमधली पोरं दप्तरं घेऊन निघाली की ही खिडकीत उभी. चार दिवस बघितलं आणि सरळ पालिकेच्या शाळेत नाव घातलं.

खरं सांगू, मला वाटलेलं तेवढं वाईट नव्हतं. वर्ग गळत होता, संडासाला कडी नव्हती, दुसरीच्या बाई ट्रेनिंगला गेल्या की दोन्ही वर्ग आमच्याच बाईंकडे, त्यात खिचडीची रोजची ऑनलाईन माहिती पण त्यांनीच भरायची, मी एकदा डबा द्यायला गेले तर एका हातात मोबाईल आणि दुसऱ्या हातात खडू. तरी सव्वा महिन्यात माझी पोरगी दुकानांच्या पाट्या वाचायला लागली, इंग्लिश मीडियमच्या सीनियर केजीतून आलेली बहिणीची मुलगी बघतच राहिली.

१९ जुलैला कोर्टाने तो नियम रद्द केला आणि पुढच्या एक-दोन दिवसांत यादी लागली. मेसेज आलाच नाही, मीच साईटवर नंबर टाकून बघितला. पडताळणीला ओरिजिनल कागद घेऊन अर्धा दिवस रांगेत, ते झालं नीट. शाळेत गेलो तर काउंटरवरची बाई आमच्याकडे न बघता म्हणाली आरटीईवाले त्या बाजूला. मग पुस्तकं, युनिफॉर्म आणि कसली तरी अ‍ॅक्टिव्हिटी धरून ६,४०० रुपये मागितले. फुकट शिक्षण आहे ना, असं मी म्हटलं तर म्हणे सरकार एका मुलामागे वर्षाला १७,६७० ठरवतं आणि तेही वेळेवर देत नाही, आम्ही चालवायचं कसं. त्यांचंही पटलं आणि रागही आला. भरले. भांडून काय करणार, पोरीला आठवीपर्यंत तिथेच बसवायचंय, आणि नववीपासून पूर्ण फी, त्याची तर आत्तापासून धडकी भरते.

हां, एक राहिलंच. पालिकेच्या शाळेत नाव कमी करायला गेले तेव्हा मलाच चोरट्यासारखं झालेलं. बाई म्हणाल्या, जाऊ दे हो, पोरीचं चांगलं होतंय. हजेरीपटावर तिच्या नावावर लाल रेघ मारली आणि मग हळूच विचारलं, ताई, तुमच्या ओळखीत कुणाचं पहिलीचं मूल आहे का, पट कमी पडतोय.