डानेनबेर्ग पूर्व

वेळापत्रकातला तो बारका ‘एस’ अण्णांना आधी दिसला, मला नाही.

डानेनबेर्गच्या स्टेशनाबाहेर बसथांब्यावर आम्ही वीस मिनिटं उभे होतो. बसची वेळ मी घरून निघताना तीनदा बघितली होती. अण्णांना जर्मनचं एक अक्षर येत नाही, पण सांगली विभागात एकतीस वर्षं कंडक्टरकी केलेल्या माणसाला वेळापत्रक कुठल्याही भाषेत वाचता येतं. चष्मा कपाळावर सरकवून ते काचेला नाक लावून उभे राहिले. “अगं, ह्या एकाच गाडीच्या डोक्यावर एस काढलाय. बाकीच्यांवर नाही. म्हंजे काहीतरी भानगड आहे.”

भानगड होतीच. एस म्हणजे शूलं, म्हणजे शाळा. बस फक्त शाळेच्या दिवशी धावणार, आणि आम्ही आलो होतो ऑक्टोबरच्या सुट्टीत. पुढची गाडी ‘बोलवायची’ होती, म्हणजे आधी फोन करून सांगायचं, तर ती येणार. अण्णांनी हे दोनदा विचारून घेतलं.

“आणि मुक्कामी गाडी?”

“नाही अण्णा. इथं मुक्कामी गाडी नसते.”

“मग सकाळी पेशंट कसा जातो तालुक्याला?”

पेशंट मोटारीनं जातो. नसेल मोटार तर शेजाऱ्याच्या मोटारीनं. ल्युखो-डानेनबेर्ग जिल्ह्याचं क्षेत्रफळ सुमारे १,२२० चौरस किलोमीटर आणि माणसं जेमतेम अठ्ठेचाळीस हजार. जर्मनीतल्या सगळ्या ग्रामीण जिल्ह्यांत सर्वांत कमी. ऑटोबानचा, म्हणजे इथल्या द्रुतगती महामार्गाचा, एक मीटरही जिल्ह्यात नाही. डानेनबेर्गला रेल्वे आहे, पण एकच. ल्युनेबुर्गहून निघणारी, विजेची तार नसलेली, डिझेलवरची छोटी गाडी. ग्योर्डंच्या जंगलातून तासाभरात ती आम्हाला इथं आणून सोडते आणि इथंच तिचा प्रवास संपतो. दिवसातून मोजक्याच फेऱ्या.

स्टेशनचं नाव ‘डानेनबेर्ग पूर्व’. अण्णा म्हणाले, मग पश्चिम कुठाय? मी सांगितलं, पश्चिम होतं, बंद झालं. एके काळी या गावातून चार दिशांना रेल्वे जायची. पश्चिमेला ल्युनेबुर्गकडे, नैर्ऋत्येला उल्त्सेनकडे, दक्षिणेला ल्युखो होऊन झाल्त्सवेडेलकडे आणि पूर्वेला एल्बे नदी ओलांडून ड्योमित्सकडे.

“मिरजच की मग,” अण्णा म्हणाले. पुणे, कोल्हापूर, बेळगाव, पंढरपूर. त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं, आणि मग त्या सुन्या फलाटाकडे असं बघितलं, जणू कुणी मिरजेचेच रूळ उपटून नेले.

आमचा बेत खरं तर ल्युबेल्नला जायचा होता. वेंडलांडात, म्हणजे या भागात, लोक येतात ते गोल गावं बघायला. मधे मोकळं अंगण, भोवती पाचरीसारख्या जागांवर मोठमोठी लाकडी चौकटीची घरं, सगळ्यांची तोंडं अंगणाकडे, आणि गावात शिरायला मुळात एकच वाट. घराच्या दर्शनी तुळईवर बांधणाऱ्या नवरा-बायकोची नावं आणि साल कोरलेलं. ही गावं जिथं आहेत तिथं पूर्वी स्लाव लोक राहायचे, म्हणून गावांच्या नावांत अजून शेवटी ‘ओ’ आणि ‘इत्स’ ऐकू येतात. (लिहितात ल्युखोव, म्हणतात ल्युखो. मी पहिलं वर्षभर ‘व’ म्हणत होते आणि ऑफिसात कुणी मला सुधारलं नाही. जर्मन शिष्टाचार!) त्यांची भाषा, वेंडिश, अठराव्या शतकात मेली. झ्युटेन नावाच्या गावात योहान पारुम शुल्त्से नावाचा शेतकरी होता, गावचा गुत्ताही तोच चालवायचा. त्यानं १७२५च्या सुमारास लिहून ठेवलंय की मी आणि गावातली आणखी तिघं गेलो, की कुत्र्याला वेंडिशमध्ये काय म्हणतात हे कुणाला धड ठाऊक राहणार नाही. मला त्याच्याविषयी फार माया वाटते. पंडित माणूस असता तर देव, धर्म, व्याकरण असलं काहीतरी बोलला असता. याला कुत्रा आठवला.

असो. ल्युबेल्न राहिलं. नातीला गाडीत बसवून द्यायला आलेल्या एका बाईंनी आमची वेळापत्रकासमोरची चर्चा बघितली आणि “मॉइन” म्हणून थांबल्या. पंचाहत्तरीच्या पुढच्या असाव्यात. कुठं जायचंय? ल्युबेल्न त्यांच्या वाटेवर नव्हतं, त्यांचं घर नदीकडे. पण पूल बघायचा असेल तर सोडते म्हणाल्या. अण्णा पूल म्हटल्यावर ताबडतोब मोटारीत बसले. आयर्विन पुलाच्या गावचा माणूस.

पूल बघितला. खरं तर अर्धा पूल. सपाट हिरव्या कुरणात, गायी चरताहेत, आणि त्यांच्या डोक्यावरून लोखंडी कमानींची रांग नदीकडे जाते. सोळा गाळे. नदीच्या काठाशी येते आणि थांबते. पलीकडे काही नाही. १८७३ साली हा रेल्वेपूल बांधून झाला तेव्हा जवळजवळ एक किलोमीटर लांब होता. बर्लिनच्या बाजूनं व्हिटेनबेर्गेहून निघालेली गाडी यावरून ल्युनेबुर्ग, बुखहोल्त्स करत ब्रेमेनच्या दिशेनं जायची. पुलाच्या तोंडाशी किल्ल्यासारखे दगडी-विटांचे बुरूज आहेत, बंदुकीच्या फटींसकट, कारण तेव्हा नदीवरचा पूल म्हणजे लष्कराचाही मामला. २० एप्रिल १९४५ला, युद्ध संपायला तीन आठवडे उरले असताना, विमानांनी तो पाडला. थोड्या अंतरावर १९३६चा रस्त्याचा पूल होता, तोही त्याच दिवसांत गेला.

“मग दुरुस्त का नाही केला?”

बाईंनी प्रश्न न समजताच उत्तर दिलं. हातानं नदीच्या मधोमध एक रेघ ओढून दाखवली.

पुढची पंचेचाळीस वर्षं तीच रेघ होती. अलीकडे पश्चिम जर्मनी, पलीकडे पूर्व. नव्वदेक किलोमीटर सीमा एल्बेतून, आणि ती नेमकी पात्राच्या मध्यावर की पूर्वेच्या काठावर, यावर दोन्ही देशांचं कधी एकमत झालं नाही. १९६६ साली पाण्याची खोली मोजणाऱ्या एका पश्चिमी बोटीवरून याच जिल्ह्यातल्या गोर्लेबेनपाशी दोन्हीकडच्या बोटी समोरासमोर आल्या होत्या. नकाशा बघितला तर जिल्हा पूर्व जर्मनीत खिळा ठोकल्यासारखा घुसलेला दिसतो, तिन्ही बाजूंनी कुंपण. चार दिशांची रेल्वे एकाच दिशेची झाली ती अशी. बर्लिन-हांबुर्गच्या मधलं गाव एकदम जगाच्या टोकाला गेलं, आणि गाव स्वतः इंचभरही हललं नव्हतं.

बाईंची मावशी ड्योमित्समध्ये होती. बांधावर उभं राहिलं की तिथलं देवळाचं शिखर दिसायचं, वारा पूर्वेचा असेल तर कुत्र्यांचं भुंकणं ऐकू यायचं. मावशीला भेटायचं तर लाउएनबुर्गकडून वळसा, शंभराहून जास्त किलोमीटर. त्यातही ड्योमित्स सीमेच्या बंदी पट्ट्यात, बाहेरच्याला आत सोडत नसत. मग मावशीच श्वेरीनला यायची आणि हे लोक तिकडून तिथं जायचे. “आठ मिनिटांची मावशी,” बाई म्हणाल्या. आताच्या पुलावरून मोटारीनं आठ मिनिटं लागतात. तो पूल १९९२चा. मावशी तोवर राहिली नव्हती.

अण्णांना मी हे सगळं भाषांतर करून सांगत होते. ते काही बोलले नाहीत, नुसतं पिशवीतून भडंगाचं पाकीट काढून बाईंच्या हातात ठेवलं. बाईंनी तिथंच फोडलं. तिखट लागलं, पण खाल्लं.

रस्त्याकडेच्या एका फाटकावर लाकडाचा पिवळा एक्स ठोकलेला होता. अणुकचऱ्याच्या विरोधाची ही खूण, असे सगळ्या जिल्ह्यात दिसतात. १९७७च्या फेब्रुवारीत राज्याचे मुख्यमंत्री एर्न्स्ट अल्ब्रेख्त यांनी जाहीर केलं की अणुकचऱ्याची विल्हेवाट गोर्लेबेनला, तिथल्या मिठाच्या थरात. मिठाचं कारण कागदावर होतंच, पण कोपऱ्यातला, विरळ वस्तीचा, गरीब जिल्हा म्हणून आम्हाला निवडलं, असं इथला प्रत्येकजण सांगतो, आणि नकाशा बघून मलाही तेच वाटतं. हिशेब एवढाच चुकला की शेतकरी ट्रॅक्टर घेऊन थेट हानोव्हरला गेले.

अण्णांना यातली वाहतूक आवडली. कचऱ्याची भलीमोठी पिंपं, बहुतेक फ्रान्सहून, रेल्वेनं यायची, ती डानेनबेर्गपर्यंतच, कारण पुढं गोर्लेबेनला रूळच जात नाहीत. मग क्रेननं उचलून ट्रकवर, आणि उरलेले वीसेक किलोमीटर रस्त्यानं. १९९५ ते २०११ अशा तेरा खेपा झाल्या. लोक रुळांना साखळ्यांनी बांधून घ्यायचे, रस्त्यावर मेंढ्या सोडायचे. २०११च्या शेवटच्या खेपेला पाच दिवसांहून जास्त लागले. आम्ही ज्या गाडीनं आलो, तिचाच हा मार्ग. २०२०मध्ये मिठाची ती जागा कायमच्या साठ्यासाठी अयोग्य म्हणून यादीतून बाद झाली. पिंपं मात्र तिथंच आहेत, वरच्या शेडमध्ये. एकशे तेरा.

“म्हंजे एवढं करून कचरा आला, आणि जाणार कुठं ते ठरलेलं नाही,” अण्णा म्हणाले. “तिकीट न काढता बसलेलं पॅसेंजर.”

परतताना बाईंनी हित्साकरवरून नेलं. येत्सेल नदी एल्बेला मिळते तिथलं गाव, जुनी वस्ती तर येत्सेलमधल्या बेटावरच. २००२ आणि २००६ला पाणी घरांत होतं. २००८ला पूरभिंत झाली, वर फळ्या चढवायची सोय असलेली, आणि २०१३चा पूर तिनं बाहेर ठेवला. अण्णांनी भिंतीवर हात फिरवला, जाडी टिचांनी मोजली. २०१९ला आमच्या घरात पाणी माळ्याच्या खाली दोन वितींवर होतं. त्याविषयी ते बोलत नाहीत, फक्त कुठंही नदी दिसली की आधी कड्यांवरच्या खुणा शोधतात. त्या दिवशी मात्र एल्बे इतकी उतरलेली, की वाळूचे दांडे उघडे पडले होते आणि बगळे त्यांवर निवांत.

इथून नदी ओलांडायची तर होडी. वरच्या अंगाला पूल ड्योमित्सचा, खालच्या अंगाला थेट लाउएनबुर्गचा. मधे नॉय डार्खाउला नवा पूल बांधावा का, यावर कित्येक वर्षं भांडण चाललंय. पलीकडचा आम्ट नॉयहाउस हा भाग १९४५ला रशियनांकडे गेला आणि १९९३ला परत या राज्यात आला, म्हणजे तिथल्या माणसाला आपल्याच जिल्ह्याच्या कचेरीत जायला तराफा लागतो. पूल हवा म्हणणारे आहेत, आणि शांतता जाईल म्हणून नको म्हणणारेही. मी शहरात राहते, मला शांतता आवडते. अण्णा पुलाच्या बाजूचे.

संध्याकाळची गाडी हित्साकरहूनच पकडली. बाई फलाटावर उभ्या राहून हात हलवत होत्या, दुसऱ्या हातात भडंग. गाडी जंगलात शिरली, काळोख झाला. अण्णा उठून डब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन आले, सवयीनं, सीटच्या पाठींना हात लावत.

“सात,” बसताना म्हणाले.

“आपण दोघं धरून?”

“धरून.”