डेस्कटॉपवरच्या ‘लाइव्ह’चं घड्याळ

माझं काम दिवसभर संगणकासमोरचं. बातम्यांसाठी ब्राउझरचा एक टॅब, रेडिओसाठी दुसरा, काही मोठं घडलं की टीव्हीच्या थेट प्रक्षेपणासाठी तिसरा. त्यातला नेमका कुठला टॅब बोलतोय, हे शोधण्यातच वेळ जायचा. म्हणून एका प्रसारण संस्थेचं डेस्कटॉप अ‍ॅप घेतलं. बातम्या, रेडिओ आणि टीव्ही एकाच खिडकीत. ते मनासारखं बसवायला खटपट पडली, आणि त्या खटपटीत जे कळलं ते मला फार मोलाचं वाटतं. अ‍ॅपमधून कानावर किंवा डोळ्यांसमोर येणारी गोष्ट नेमकी कोणत्या क्षणाची आहे, यावर लक्ष आपल्यालाच ठेवावं लागतं.

आधी उतरवून घेण्याबद्दल. शोधयंत्रात नाव टाकलं की सारख्याच चिन्हांची भलतीच अ‍ॅप्स समोर येतात, त्यामुळे संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरची लिंक किंवा संगणकाचं अधिकृत अ‍ॅप स्टोअर, एवढ्या दोनच वाटा मी मानते. अ‍ॅपचा आकार बघून आश्चर्य वाटेल, पण त्याला कारण आहे. आज डेस्कटॉपवरची बरीच अ‍ॅप्स ‘इलेक्ट्रॉन’ या तयार सांगाड्यावर बांधलेली असतात आणि त्यांच्या पोटात क्रोमियम नावाचं अख्खं ब्राउझर असतं. काही संस्था वेगळं अ‍ॅप न काढता संकेतस्थळच ब्राउझरमधून ‘इन्स्टॉल’ करू देतात. ते फारच हलकं पडतं आणि निव्वळ ऐकण्या-वाचण्यासाठी पुरतं.

हा प्रकार तसा जुनाच. बीबीसीचा आयप्लेअर, म्हणजे कार्यक्रम इंटरनेटवर बघण्या-ऐकण्याची सेवा, 25 डिसेंबर 2007 रोजी सगळ्यांसाठी खुला झाला, तेव्हा कार्यक्रम उतरवून घ्यायची सोय फक्त विंडोजवर होती. मॅक आणि लिनक्सवाल्यांसाठी पुढच्या वर्षाच्या अखेरीस अ‍ॅडोबी एअर या सॉफ्टवेअरवर चालणारी डेस्कटॉप आवृत्ती आली. ब्राउझरमध्ये व्हिडिओ दाखवणाऱ्या फ्लॅश या अ‍ॅडोबीच्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरचा आधार पुढे 31 डिसेंबर 2020 ला कायमचा संपला आणि त्यावर चालणारे जुने प्लेअर बंद पडले. म्हणून एखादं डेस्कटॉप अ‍ॅप शेवटचं कधी अद्ययावत झालं ती तारीख मी पहिल्यांदा बघते. वर्षानुवर्षं हात न लागलेलं अ‍ॅप संगणकावर ठेवू नये.

लॉगिन केल्यावर पहिली अडचण आली ती ठिकाणाची. बातम्या उघडल्या, रेडिओ लागला, पण टीव्हीवर ‘तुमच्या भागात उपलब्ध नाही’ असा फलक. त्या वेळी कामाचं व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटची जोडणी दुसऱ्या ठिकाणच्या सर्व्हरमधून फिरवणारं सॉफ्टवेअर, चालू होतं. अ‍ॅप आपलं ठिकाण आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून, ओळखतं आणि व्हीपीएनमुळे मी दुसऱ्याच देशात बसले आहे असं त्याला दिसत होतं. ही आडकाठी हौसेनं घातलेली नसते. खेळांचे आणि चित्रपटांचे हक्क देशागणिक वेगळे विकले जातात, त्यामुळे संस्थेला ते पाळावेच लागतात. रेडिओवरसुद्धा बातम्या सगळीकडे ऐकू येतात, पण सामन्याचं समालोचन सुरू झालं की तेवढ्यापुरता प्रवाह तोडून तिथे दुसरं काही लावलेलं आढळतं. व्हीपीएनमधून फक्त कामाची अ‍ॅप्स जातील अशी सोय सेटिंगमध्ये होती. ती लावल्यावर प्रश्न मिटला.

आता मुख्य गोष्ट. ‘लाइव्ह’ लिहिलेलं असलं, तरी अ‍ॅपमधला आवाज प्रत्यक्ष प्रसारणाच्या मागेच असतो. इंटरनेटवरून येणारा प्रवाह छोट्या तुकड्यांत कापलेला असतो. अ‍ॅपलनं 2009 मध्ये आणलेली एचएलएस ही पद्धत यासाठी सर्रास वापरली जाते आणि तिच्यात एक तुकडा साधारण 6 सेकंदांचा ठेवायची शिफारस आहे. प्लेअरनं सुरुवात अगदी शेवटच्या तुकड्यापासून न करता निदान तीन तुकड्यांच्या कालावधीइतकं मागे राहून करावी, असंही तिच्या नियमांत लिहिलेलं आहे. म्हणजे 18 सेकंद तिथेच गेले. त्यात आवाजाचं एन्कोडिंग, म्हणजे तो दाबून लहान करण्याचं काम, आणि सर्व्हरपासून आपल्यापर्यंतचा प्रवास मिळवला की अर्धं मिनिट सहज होतं. कमी विलंबाच्या नव्या पद्धती आल्या आहेत, पण अजून सगळ्यांनी त्या घेतलेल्या नाहीत.

याची खात्री करायला सगळ्यात चांगली जागा म्हणजे तासाच्या ठोक्याला वाजणारे रेडिओचे पिप, म्हणजे वेळ सांगणारे छोटे ‘टूं’ आवाज. बीबीसीवर ते 5 फेब्रुवारी 1924 पासून वाजत आहेत. एकूण सहा पिप, त्यातला शेवटचा लांब, आणि तो सुरू होतो तो क्षण म्हणजे नेमका तास. साध्या रेडिओवर त्यावर घड्याळ लावता येतं. अ‍ॅपमध्ये तेच पिप ऐकताना संगणकाच्या घड्याळात तास उलटून बराच वेळ झालेला दिसतो. मी हे मुद्दाम ताडून बघितलं आणि आपल्या अ‍ॅपचं अंतर किती आहे ते लक्षात ठेवलं. ते रोज तंतोतंत तेवढंच नसतं, पण अंदाज पक्का बसतो.

हे अंतर काही सेकंदांचं असेपर्यंत ठीक. खरा धोका ‘पॉझ’मध्ये आहे. रेडिओ थांबवून जेवायला गेलं आणि परत येऊन बटण दाबलं, की अ‍ॅप जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे बोलू लागतं. लॅपटॉप झाकून पुन्हा उघडला तरी कित्येकदा हेच. निवेदक तितक्याच ठाम आवाजात सांगत असतो आणि आपण तासाभरापूर्वीची बातमी ताजी समजून ऐकत असतो. वादळाचा इशारा, निकालांचे आकडे, एखाद्या अपघातातल्या जखमींची संख्या, अशा गोष्टींत एक तास फार मोठा असतो. म्हणून परत आले की आधी ‘लाइव्ह’चं बटण दाबायचं, हे मी हाताला लावून घेतलं आहे. ते करडं दिसत असेल तर आपण मागे आहोत, रंगीत असेल तर चालू क्षणाला, अशी खूण माझ्या अ‍ॅपमध्ये आहे. तुमच्या अ‍ॅपमधली खूण वेगळी असेल, पण ती शोधून ठेवा.

याच सोयीची दुसरी बाजू मला मनापासून आवडते. बातमीपत्र अर्धं झाल्यावर आठवलं, तर पट्टी मागे ओढून पहिल्या मथळ्यापासून ऐकता येतं. एके काळी चुकलेलं बातमीपत्र चुकलंच म्हणायचं. आता कामातून मान वर काढली की ते सुरुवातीपासून माझ्यासाठी हजर असतं. रेडिओची वेळ आपल्या वेळेशी अशी जुळवता येणं हे माझ्या लेखी या अ‍ॅपचं सर्वांत मोठं देणं आहे.

आणि रेडिओ स्वस्तही पडतो. 128 केबीपीएसचा (सेकंदाला 128 किलोबिट) आवाज तासाला 58 एमबीच्या आत बसतो, 64 चा जेमतेम 29. पाच एमबीपीएसचा (सेकंदाला पाच मेगाबिट) टीव्ही मात्र तासाला सव्वादोन जीबी ओढतो. म्हणजे टीव्हीच्या एका तासात 128 चा रेडिओ अडतीस-एकोणचाळीस तास ऐकता येईल. बोलण्याच्या कार्यक्रमांना 64 सुद्धा पुरतो. संगीताला मात्र मी कंजुषी करत नाही. एक खबरदारी: खिडकीच्या फुलीवर क्लिक केलं तरी काही अ‍ॅप्स बंद न होता घड्याळाशेजारच्या चिन्हांत जाऊन बसतात आणि आवाज शून्यावर असला तरी प्रवाह चालूच राहतो. डेटा मोजून वापरणाऱ्यांनी तिथून ‘क्विट’ करावं.

टीव्हीनं सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. लॅपटॉपच्या पडद्यावर चित्र यायचं, बाहेरचा मॉनिटर जोडला की आवाज चालू आणि चित्र काळं. अ‍ॅप बिघडलं असं वाटावं असाच हा प्रकार, पण दोष वायरीत होता. हक्क राखलेल्या कार्यक्रमांवर बहुधा वाइडवाइन, प्लेरेडी किंवा फेअरप्ले यांपैकी एखादं कॉपी रोखणारं डिजिटल कुलूप असतं, आणि संगणकापासून पडद्यापर्यंतच्या प्रत्येक टप्प्याला एचडीसीपी, म्हणजे वायरीतून जाणारं चित्र सुरक्षित ठेवण्याची पद्धत, समजत असल्याशिवाय अनेकदा चित्र पुढे सोडलं जात नाही. जुना व्हीजीए अ‍ॅडॉप्टर ते जाणतच नाही. एचडीएमआयची सरळ वायर लावली आणि चित्र आलं. याच कुलपामुळे अशा कार्यक्रमाचा स्क्रीनशॉट काढला तरी पुष्कळदा काळा चौकोन मिळतो. दोन्ही पडद्यांवर काळं दिसत असेल, तर सेटिंगमधलं, चित्राचं काम ग्राफिक्स चिपकडे सोपवणारं हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन बंद करून बघावं.

रेडिओवरून टीव्हीवर गेलं की आवाजाची पातळी बदलते, त्याचाही त्रास झाला. युरोपातल्या प्रसारण संस्थांनी 2010 मध्ये आर-128 या शिफारशीत टीव्हीसाठी उणे 23 एलयूएफएस (कानाला जाणवणारा आवाज मोजण्याचं एकक) ही पातळी ठरवली, पण इंटरनेटवरचा आवाज बहुधा त्याहून चढा असतो. अ‍ॅपचा आवाज संगणकाच्या मिक्सरमध्ये वेगळा बांधून ठेवला, म्हणजे निदान बाकीच्या अ‍ॅप्सशी तरी मेळ बसतो.

बातम्यांच्या सूचनांना मी शेवटी हात घातला. पहिल्या दिवशी सगळे विषय चालू होते आणि पडद्याचा कोपरा सतत हलत होता. आता फक्त तातडीच्या सूचना ठेवल्या आहेत. यातही पुन्हा तेच घड्याळ. सूचनेच्या मजकुराला तुकडे, एन्कोडिंग काहीच लागत नाही, ती थेट येऊन पोहोचते. सामना किंवा मतमोजणी अ‍ॅपमध्ये बघत असले, तर निकाल कोपऱ्यात आधी उमटतो आणि पडद्यावर तो घडायचा अजून बाकी असतो. म्हणून थेट प्रक्षेपण बघताना संगणक ‘व्यत्यय नको’वर टाकते. लेखांच्या बाबतीत प्रकाशनाची वेळ आणि अद्ययावत केल्याची वेळ, दोन्ही वाचते. सकाळी लिहिलेल्या बातमीत संध्याकाळी एक परिच्छेद बदलला की यादीत ती नवी होऊन वर येते. उघडून ठेवलेलं पान आपोआप ताजं होईलच असंही नाही, तेव्हा वाचायच्या आधी एकदा रिफ्रेश.

थेट उपशीर्षकं मी चालू ठेवते, विशेषतः पत्रकार परिषदांना. ती बोलण्याच्या काही सेकंद मागे धावतात, कारण कोणीतरी ऐकून ती बोलून किंवा टंकून टाकत असतं, नाहीतर यंत्र ओळखत असतं. नावं आणि आकडे त्यात हमखास चुकतात. एखादा आकडा टिपून घ्यायचा असेल, तर पट्टी मागे ओढून तो कानांनी ऐकते आणि मगच लिहिते.