एक पायरी, बारा आठवडे आणि टाचेमागची शीर

माझी मागील नोंद जानेवारीतील होती. आठवड्याला ३६ किलोमीटर धावणे पूर्ण झाल्याचे मी तिच्यात बऱ्याच कौतुकाने लिहिले होते. त्यानंतर आठ महिने काही लिहिले नाही, कारण जेथे मी धावतो त्या नागपूरच्या फुटाळा तलावाच्या काठावर माझे काही घडतच नव्हते. जे घडत होते ते आमच्या इमारतीच्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर. आता सप्टेंबर संपत आला आहे आणि वहीत पुरेसे आकडे जमले आहेत, म्हणून ते सविस्तर मांडतो.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात सकाळी पलंगावरून उतरल्यावरची आठ-दहा पावले लाकडी वाटू लागली. उजव्या टाचेच्या हाडापासून चार बोटे वर, जेथे अकिलीज टेंडन म्हणजे टाचेमागची जाड शीर निमुळती होते, तेथे चिमटीत धरल्यावर नेमके दुखत असे आणि डाव्या पायाच्या तुलनेत ती जागा किंचित जाडही लागे. दोन किलोमीटर धावल्यावर दुखणे नाहीसे होई, म्हणून मी धावतच राहिलो. ही लबाडी या दुखण्याच्या स्वभावातच आहे: अंग तापले की ते गप्प बसते आणि हिशेब दुसऱ्या दिवशी सकाळी मांडते.

चूक कोठे झाली हे शोधायला मी जुनी पाने उलटली, तेव्हा जानेवारीच्या एकाच पंधरवड्यात मी तीन गोष्टी बदलल्याचे दिसले. आठवड्याचे अंतर २२ वरून ३६ किलोमीटरवर नेले. फुटाळ्यावरून सेमिनरी हिल्सकडे चढणाऱ्या रस्त्यावर आठवड्यातून दोनदा चढाचे फेरे सुरू केले. आणि सवलतीत मिळाले म्हणून नवे बूट घेतले, ज्यांची टाच पंज्यापेक्षा फक्त ४ मिलिमीटर उंच होती, तर जुन्या बुटांची १० मिलिमीटर. टाच खाली गेली की पोटरी आणि ही शीर अधिक ताणली जाते, चढावर ती आणखी ताणली जाते, आणि धावताना या शिरेवर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट भार येतो. म्हणजे तिन्ही बदलांचे ओझे एकाच जागी आले. धावणाऱ्यांत अंतर आठवड्याला दहा टक्क्यांहून अधिक वाढवू नये असा नियम सर्रास सांगितला जातो. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथे ५३२ नवशिक्या धावकांवर तो तपासला गेला आणि २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यात सावकाश वाढवणाऱ्या आणि नेहमीच्या गतीने वाढवणाऱ्या दोन्ही गटांत दुखापतीचे प्रमाण जवळपास सारखेच, वीस टक्क्यांच्या आसपास निघाले. माझ्या बाबतीत तरी टक्क्यांपेक्षा एका वेळी एकच गोष्ट बदलण्याचा नियम अधिक उपयोगी पडला असता, असे मला वाटते.

त्यानंतर मी बहुतेक जण करतात तेच केले, म्हणजे तीन आठवडे पूर्ण विश्रांती घेतली. दुखणे गेले. मार्चच्या सुरुवातीला अंबाझरीच्या बाजूने अगदी सावकाश चार किलोमीटर धावलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तीच लाकडी पावले. तीन आठवड्यांत दुखणे शांत झाले होते, पण शिरेची ताकद वाढली नव्हती; उलट बसून राहिल्याने ती थोडी घटलीच असावी.

शंकरनगर भागातील ज्या फिजिओथेरपिस्ट मॅडमकडे मी गेलो, त्यांनी तपासण्याआधी विचारलेला प्रश्न मला अनपेक्षित होता: ‘मागच्या दोन-तीन महिन्यांत सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लेव्होफ्लॉक्सासिनसारखी प्रतिजैविके घेतली होती का?’ मी घेतली नव्हती. परंतु या गटातील औषधांमुळे शिरेला सूज येण्याचा आणि ती तुटण्याचाही धोका असतो, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ साली त्यांच्या माहितीपत्रकावर चौकटीतील इशारा छापणे बंधनकारक केले. पोट बिघडले की आपल्याकडे सिप्रोच्या गोळ्या किती सहज घेतल्या जातात हे लक्षात घेता, धावणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट ठाऊक करून घ्यावी आणि अशी गोळी घेण्याआधी डॉक्टरांना आपल्या धावण्याबद्दल सांगावे. शिरेत स्टेरॉइडचे इंजेक्शन घ्यावे का, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी तुटण्याच्या धोक्याकडे बोट दाखवून तो विषय तेथेच संपवला.

मग त्यांनी मला पायरी दाखवली. हा व्यायाम स्वीडनचे शल्यचिकित्सक होकन आल्फ्रेडसन यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांची स्वतःची शीर दुखत असताना वरिष्ठांनी शस्त्रक्रिया नाकारली, तेव्हा दुखणे शस्त्रक्रियेच्या लायकीचे व्हावे म्हणून त्यांनी तिच्यावर मुद्दाम जबर भार टाकला आणि ती बरीच झाली, हा किस्सा या क्षेत्रात प्रसिद्ध आहे. १९९८ साली त्यांनी १५ हौशी धावकांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. बारा आठवड्यांनंतर ते सारे पुन्हा धावू लागले होते.

कृती सोपी आहे, चिकाटी मात्र अवघड. पायरीच्या कडेवर फक्त पंजे टेकवून उभे राहायचे, दोन्ही पायांनी टाचा उचलायच्या, सगळा भार दुखऱ्या पायावर घ्यायचा आणि तीन आकडे मोजत टाच पायरीच्या पातळीखाली सावकाश सोडायची. वर येताना दुसऱ्या पायाची मदत घ्यायची. गुडघा ताठ ठेवून पंधराचे तीन संच, गुडघा किंचित वाकवून पंधराचे तीन संच, आणि हे सकाळ-संध्याकाळ, आठवड्याचे सातही दिवस. दिवसाला १८० वेळा. गुडघा वाकवल्यावर पोटरीतील वरचा स्नायू सैल पडतो आणि त्याखालच्या सोलियस या स्नायूला काम लागते, म्हणून दोन्ही प्रकार आवश्यक आहेत. येथे एक भेद सांगणे भाग आहे. दुखणे टाचेच्या हाडाला अगदी चिकटून असेल, तर टाच पायरीखाली सोडायची नसते, कारण तेथे शीर हाडावर दाबली जाते. असे दुखणे असणाऱ्यांनी हाच व्यायाम सपाट जमिनीवर करावा. आणि मागून कोणी लाथ मारल्यासारखा झटका बसून पंज्यावर उभेच राहता येईनासे झाले, तर ती शीर तुटल्याची खूण समजून त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञ गाठावा.

आमच्या जिन्याची शेवटची पायरी कडप्प्याची आहे आणि तिची कड वर्षानुवर्षांच्या वापराने गोल झाली आहे. पहिल्या दिवशी मोजे घालून उभा राहिलो आणि सातव्या वेळेला घसरलो. तेव्हापासून जुने बूट घालून, डावा हात कठड्यावर ठेवून व्यायाम केला. चौथ्या आठवड्यात स्वतःचे वजन पुरेनासे झाले, म्हणून मुलीच्या जुन्या दप्तरात पाच किलो तांदळाची पिशवी घालून ते पाठीवर घेऊ लागलो. हे ध्यान पाहून तळमजल्यावरचे काका एकदा म्हणालेच, ‘भाऊ, धावाचं सोडून पायरीवर काऊन लटकून राहिले जी?’ त्यांना सगळे समजावून सांगण्यात माझा वाकलेल्या गुडघ्याचा दुसरा संच बुडाला.

वहीत रोज दोन आकडे लिहीत होतो: व्यायाम करतानाचे दुखणे आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या पावलाचे दुखणे, दोन्ही दहापैकी. नियम असा होता की दुखणे पाचपर्यंत गेले तरी चालेल, परंतु दुसऱ्या सकाळपर्यंत ते खाली आले पाहिजे आणि आठवड्यागणिक चढता कामा नये. कारिन सिल्बरनागेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली ३८ रुग्णांवरील अभ्यासात हीच मोजपट्टी वापरून धावणे आणि उड्या चालू ठेवू दिल्या होत्या, आणि त्यामुळे बरे होण्यात अडथळा आला नाही. पहिल्या आठवड्यात माझी सकाळ ५ वर होती, दुसऱ्यात ५ आणि एकदा ६, तिसऱ्यात ४. पाचव्या आठवड्यात ३ दिसताच मी सोसायटीतील मुलांबरोबर तासभर बॅडमिंटन खेळलो आणि दुसऱ्या दिवशी वहीत थेट ७ लिहावा लागला. सावकाश उचललेला भार आणि उडी मारताना क्षणार्धात येणारा भार या शिरेच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला ठाऊक होते. पण फूल हवेत दिसल्यावर आठवले नाही. त्या तासाने सुमारे दहा दिवस खाल्ले. आठव्या आठवड्यात २, अकराव्यात १. एका पायावर टाच किती वेळा पूर्ण उचलता येते, ही कसोटीही घेत होतो: मार्चमध्ये उजवा ११ आणि डावा २४, मेअखेर उजवा २२.

आहाराकडे मी याआधी कधी गंभीरपणे पाहिले नव्हते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढाला प्रति किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे माझ्या ७२ किलोंना साधारण ६० ग्रॅम. नियमित व्यायाम करणाऱ्यांसाठी क्रीडा आहारतज्ज्ञ १.२ च्या पुढचा आकडा सांगतात. सात दिवस प्रामाणिकपणे मोजले, तेव्हा सकाळचे तर्री पोहे, दुपारचे वरण-भात आणि रात्रीची ज्वारीची भाकर, भाजी व जवसाची चटणी मिळून माझी गाडी ४५ च्या आतच अडकलेली निघाली. दोन अंडी आणि भाजीत टाकलेल्या ३० ग्रॅम सोयाबीनच्या वड्या एवढ्यानेच ती ७० च्या आसपास गेली. भुकटीचा डबा विकत घ्यावा लागला नाही. एका मित्राने जिलेटिन आणि ‘क’ जीवनसत्त्व व्यायामापूर्वी तासभर घेण्याचा सल्ला दिला होता. त्यामागे २०१७ सालचा एक अभ्यास आहे खरा, परंतु तो आठ निरोगी पुरुषांवरील आहे आणि त्यात मोजले होते ते रक्तातील कोलॅजननिर्मितीचे चिन्ह, कोणाचे दुखणे नव्हे. मार्च हा मृग बहाराच्या संत्र्यांचा महिना, म्हणून ‘क’ जीवनसत्त्वाची बाजू मी भरपूर सांभाळली. जिलेटिन मात्र आमच्या स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडू शकले नाही.

बारा आठवडे मेच्या अखेरीस, ऐन नवतपात संपले. पारा ४५ च्या पुढे असताना नागपुरात धावण्यासाठी सूर्योदयापूर्वीचा अर्धा-पाऊण तासच काय तो उरतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात पहाटे पावणेपाचला निघून ४५ मिनिटे दोन मिनिटे चाल, एक मिनिट धाव असे केले. निघताना वजन ७२.४ किलो होते, परतल्यावर ७१.३, मध्ये पाणी प्यायलो नव्हतो, म्हणजे सव्वा लिटरला थोडाच कमी घाम, तोही बहुतांश चालण्यात. खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, या आपल्या श्रद्धेला मी हात लावत नाही. पण घामावाटे गेलेले मीठ तो कांदा भरून देत नाही. कैरीचे पन्हे मीठ घालून, किंवा जलसंजीवनी. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची पुडी एक लिटर पाण्यासाठी असते आणि तिच्यात २.६ ग्रॅम मीठ व १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते. ती एका ग्लासात घोळून पिणारे धावक मी फुटाळ्यावर पाहिले आहेत. असे दाट द्रावण आतड्यात उलट पाणी खेचते, तेव्हा पुडी पूर्ण लिटरभर पाण्यातच घालावी.

जुलैत सलग तीस मिनिटे धावलो, सगळे सपाटीवर, जुन्याच बुटांत. पावसाने दोन आठवडे मोडले, त्याबद्दल विशेष लिहिण्यासारखे नाही. ऑगस्टमध्ये आठवड्याचे १८ किलोमीटर झाले. गेल्या रविवारी फुटाळ्यावरून सेमिनरी हिल्सचा चढ जानेवारीनंतर प्रथमच चढलो, एकच फेरा, आणि सोमवारी सकाळी वहीत १ लिहिला. दुसरा फेरा दोन आठवड्यांनंतर, तोपर्यंत अंतर वाढवायचे नाही. ४ मिलिमीटरचे बूट खोक्यात आहेत. त्यांची पाळी चढ अंगवळणी पडल्यानंतर.

सोमवारीच टाचा उचलण्याची कसोटी पुन्हा घेतली. उजवा २६. डावा, ज्याकडे सहा महिने मी ढुंकूनही पाहिले नव्हते, २४ वरून २० वर आला आहे. २०१५ साली डेन्मार्कमधील एका अभ्यासात आठवड्यातून तीनच वेळा, परंतु जड वजनाने आणि सावकाश केलेला व्यायाम आल्फ्रेडसन यांच्या पद्धतीइतकाच गुणकारी आढळला होता. दिवसाला १८० वेळा लटकण्याचा उत्साह आता माझ्यात नाही, म्हणून या वेळी ती पद्धत निवडली आहे. दप्तरात तांदूळ दहा किलो केले असून कालपासून डावा पाय पायरीवर आहे.