जुन्या ट्रकला इंजिन निवडताना आधी गिअरबॉक्सचं बोला

शेव्हरोलेचा (शेव्हीचा) सी-१० किंवा फोर्डचा एफ-१०० असा जुना अमेरिकन पिकअप ट्रक हातात आला की पहिली चर्चा ठरलेली, इंजिन कुठलं टाकायचं आणि हॉर्सपॉवर किती काढायचे. मला वाटतं सुरुवातच चुकते इथे. रस्त्यावर चालवायचा ट्रक बहुतेक वेळ १५०० ते ३००० आरपीएममधेच असतो, तिथे त्याच्यात दम पाहिजे, ६००० ला काय होतं त्याचा सिग्नलवर काही उपयोग नाही.

म्हणून आधी गिअरबॉक्स आणि मागच्या ॲक्सलचा रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला गिअरबॉक्सकडून येणारा शाफ्ट किती वेळा फिरतो तो आकडा) ठरवा. हिशोब सोपा आहे, मागे ३.७३ चा रेशो, २८ इंची टायर आणि टर्बो ३५० हा जुना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, म्हणजे ओव्हरड्राइव्ह (त्याच वेगाला इंजिन हळू फिरवणारा वरचा गिअर) नाही, तर ताशी १०५ किमीला इंजिन २९०० च्या आसपास फिरत राहणार, लांबच्या रस्त्याला तो आवाज ऐकून डोकं उठतं. तोच ट्रक, तेच टायर, फक्त ७००आर४ किंवा ४एल६०ई हा चार गिअरचा ऑटोमॅटिक लावला की चौथा गिअर ०.७० चा, आरपीएम थेट २००० वर. वर पहिला गिअर ३.०६ चा, टर्बो ३५० चा २.५२, म्हणजे जागेवरून उठायलाही ट्रक हलका वाटतो. इंजिनला हात न लावता एवढा फरक पडतो राव!

आता इंजिन. साधं आणि स्वतःला दुरुस्त करता येईल असं हवं असेल तर शेव्हीचं ३५० घनइंची व्ही-८ इंजिन आजही माझ्या मते उत्तम, त्यातही १९९६ पासून ट्रकमधे आलेलं व्होर्टेक एल३१ शोधा, सिलिंडर हेड चांगली, रोलर कॅम (कॅम म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट), कंपनीतूनच २५५ हॉर्सपॉवर. फक्त एक लक्षात ठेवा, त्या हेडला जुनं १२ बोल्टचं इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरपर्यंत हवा-पेट्रोल नेणारा भाग) बसत नाही, व्होर्टेकला ८ बोल्ट असतात आणि त्यांचा कोनही वेगळा, त्यामुळे कार्ब्युरेटर लावायचा तर मॅनिफोल्ड त्याच हेडचं घ्यायचं.

रोज चालवणार, थंडीत एका सेल्फमधे सुरू व्हायला हवी, पेट्रोलही जरा कमी प्यायला हवं, तर मग १९९९ नंतरच्या शेव्ही ट्रकांमधलं ५.३ लिटरचं व्ही-८. लोखंडी ब्लॉक, ॲल्युमिनियम हेड, काहीही न करता २७० ते २९५ हॉर्सपॉवर. माझी पसंती यालाच. पण खर्च इंजिनापेक्षा आजूबाजूला जास्त होतो हे आधीच धरून चला. कार्ब्युरेटरला पेट्रोलचं ६ पीएसआय प्रेशर पुरतं, या फ्युएल इंजेक्शनवाल्याला ५८ लागतं, म्हणजे पंप बदलणार, लाइन बदलणार, आणि जुन्या टाकीत आतले आडवे पत्रे नसतील तर टाकी अर्ध्याखाली गेल्यावर वळणावर पेट्रोल एका बाजूला सरकतं आणि पंप हवा ओढतो. दुसरं म्हणजे ऑइल चेंबर. ट्रकचा मूळ चेंबर खोल असतो, ट्रक खाली बसवला असेल तर तो क्रॉसमेंबरच्याही (चेसिसच्या आडव्या तुळईच्या) खाली लोंबतो आणि पहिल्याच मोठ्या स्पीडब्रेकरला टेकतो, तेव्हा स्वॅपसाठी (इंजिन दुसऱ्या गाडीत बसवण्यासाठी) बनवलेला उथळ चेंबर घ्याच. आणि नंतरच्या वर्षांतल्या ५.३ मधे चार सिलिंडर बंद करणारी एएफएम सिस्टिम आली, तिचे लिफ्टर (व्हॉल्व्ह उचलणारे भाग) खराब होतात, त्यामुळे मी जुनंच बघेन.

शेव्हीच्या मोठ्या ४५४ घनइंची व्ही-८ चा मोह मला कळतो, तो टॉर्क खराच भारी. पण ३१० किलोच्या आसपास वजन पुढच्या चाकांवर येतं, त्याला ब्रेक आणि स्प्रिंग आधी लागतात. फोर्डवाल्यांसाठी ५.० लिटरचं कोयोटे इंजिन मस्तच, फक्त हेड रुंद आहेत, तेव्हा स्टीअरिंग शाफ्टपर्यंतची जागा मोजल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि मूळचं सरळ सहा सिलिंडर चांगल्या अवस्थेत असेल तर ते काढायची घाई कशाला? फोर्डचं ३०० घनइंची सहा सिलिंडर १९६५ ते १९९६ बनत राहिलं, टायमिंगला चेन नाही, गिअर आहेत, आणि खालच्या आरपीएमला ते असं ओढतं की बास.

कॅमबद्दल मात्र मी हट्टी आहे. तो धडधडणारा आवाज सगळ्यांनाच आवडतो, मलाही, पण मोठ्या कॅमने स्लोवर (आयडलिंगला) इंजिनाचा व्हॅक्यूम पडतो, पाऱ्याच्या १८ इंचावरून १० वर आला की ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरला ताकद मिळत नाही, ब्रेक पेडल दगडासारखं होतं, आणि दोन टनांचा ट्रक थांबवायचा असतो तेव्हा हे चालणार नाही. मऊ कॅम घ्या, सायलेन्सरमधून आवाज काढा.

५.३ ठरलं तर इंजिन सुटं घेऊ नका. वायरिंग, कॉम्प्युटर, गिअरबॉक्स, पुढचे पुलीचे ब्रॅकेट सगळं एकाच गाडीतलं मिळत असेल तर दोन पैसे जास्त द्या, आणि थ्रॉटलला केबल नसेल तर ॲक्सिलरेटर पेडल आणि त्याचं मॉड्यूलसुद्धा त्याच गाडीतून काढून घ्या, दुसऱ्या वर्षाचं जुळेलच असं नाही.