ब्रॅकिश

त्या काळी इंग्रजीचं गाईड म्हणजे आमचा वेद. त्यात 'ब्रॅकिश'चा अर्थ छापला होता 'किंचित खारट'. इंग्रजीच्या सरांनी गाईड मिटून खिडकीत ठेवलं आणि विचारलं, "किंचित खारट तर आमटीही असते. मग तुझ्या आईची आमटी ब्रॅकिश का रे?" वर्ग खो-खो हसला. खाडीकडच्या वाडीतला एकजण मागून म्हणाला, "सर, चैत्र-वैशाखात आमच्या विहिरीचं पाणी होतं तसं. मचूळ." सर म्हणाले, "झाला अर्थ. बस खाली."

उरलेला तास त्या एका विशेषणात गेला. आमटी सॉल्टी, घाम सॉल्टी, समुद्रही सॉल्टीच. ब्रॅकिश म्हणायचं ते गोडं आणि खारं पाणी एकमेकांत मिसळतं तिथल्या पाण्याला. खाडी, खाजण, किनाऱ्यालगतची विहीर. शब्द पाठ करताना त्याचं नामही सोबत पाठ करा, हा सरांचा हेका. मला तो आजही गाईडपेक्षा मोलाचा वाटतो. 'रेडिश' म्हणजे लालसर, म्हणून 'इश' दिसलं की 'थोडंसं' असं धरून चालू नका, हेही त्यांनी बजावलं. इथे मूळ शब्दच खारटपणाचा, डचांच्या बाजूने आलेला. "फूलिश म्हणजे थोडासा मूर्ख नव्हे," हे सांगताना त्यांची नजर आमच्याच बाकावर का यायची, देव जाणे.

पुढे मी कोळंबीच्या तळ्यांत पडलो आणि हा शब्द रोजचा झाला. सरकारी कागदांत या पाण्याला 'निमखारे' म्हणतात. चेन्नईला 1987 पासून केंद्राची एक संशोधन संस्थाच या पाण्यातल्या मत्स्यशेतीसाठी आहे, तिच्या नावातही 'ब्रॅकिशवॉटर' आहे. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार. निमखाऱ्याची हद्द अर्ध्या ग्रॅमपासून तिसापर्यंत धरतात. खारटपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर थेंब टाकायचा, उजेडाकडे धरून डोळा लावायचा. निळं संपून पांढरं सुरू होतं, तिथला आकडा वाचायचा. आषाढात वरून नदीचा लोंढा आला की आकडा तळाला जातो, वैशाखात समुद्राच्या जवळ सरकतो. तरी दोन्ही वेळा, हद्दीत असेतो, पाणी ब्रॅकिशच.

तळ्यावरचे गडी मात्र 'निमखारे' म्हणत नाहीत. भरतीचं पाणी आत घ्यायच्या आधी बोट बुडवून जिभेला लावतात आणि सांगतात, "मचूळ आहे, घ्या." मग मी काच काढतो.